मोर्चेबिर्चे आपल्यासारख्यांचं काम नाही म्हणे

दुपारपासून डोकं तडकलंय. लिहून टाकते, नाहीतर झोप लागणार नाही.

आमच्या सोसायटीत (गोरेगाव, नवी कोरी इमारत, लॉबीत इटालियन मार्बल) बरेच दिवस पाणी धड येत नाहीये. टँकर मागवतो, पैसे भरतो, गप्प बसतो. आज वरच्या मजल्यावरच्या एका मुलीने, कॉलेजात आहे अजून, ग्रुपवर विचारलं की सोमवारी सगळ्यांनी रिकामे हंडे-बादल्या घेऊन वॉर्ड ऑफिसवर जायचं का? यात हसण्यासारखं काय आहे मला सांगा. पण आधी हसऱ्या तोंडांची रांग लागली आणि मग एका काकांनी लिहिलं, "बेटा, अभ्यासाकडे लक्ष दे. हे मोर्चेबिर्चे आपल्यासारख्यांचं काम नाही."

आपल्यासारख्यांचं नाही? आणि हे गोरेगावात बसून?

हेच काका दर १ मेला हुतात्मा चौकाचा फोटो टाकतात. खाली ठरलेली ओळ, आमचे वडील संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात होते. असतील ना, मी कुठे नाही म्हणते! २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनवर गोळ्या झाडल्या गेल्या, माणसं मेली, तरी लोक पुढची चार-पाच वर्षं रस्त्यावर येतच राहिले. तेव्हा "आपल्यासारखे" कोण होते? पोस्टातले कारकून, गिरणीतले साचेवाले, शाळामास्तर. तेच.

आणि गोरेगावचं तर बोलायलाच नको. मृणालताई गोरे १९६१ ला महापालिकेत निवडून गेल्या आणि पाण्यासाठी इतक्या भांडल्या की लोक त्यांना "पाणीवाली बाई" म्हणायला लागले. आता त्यांच्या नावाचा उड्डाणपूल आहे. आमचा टँकर बहुतेक त्याच पुलावरून येतो. यावर मी आणखी काही बोलत नाही.

माझी आई लाटणं मोर्चाला गेली होती. १९७२ नंतरची गोष्ट, तेल, साखर, रॉकेल सगळ्याची बोंब होती. मृणालताई समाजवादी, अहिल्याताई रांगणेकर मार्क्सवादी, तरी एकत्र येऊन त्यांनी बायकांची महागाईविरोधी समिती काढली, आणि हातात थाळी-लाटणं घेऊन हजारो बायका रस्त्यावर उतरल्या. मी तेव्हा शाळेतही जात नव्हते. आईला मी कितीदा विचारलंय, काय झालं गं तिथे, घोषणा कुठल्या होत्या, पोलीस होते का? आणि आई दर वेळी सांगते ते भलतंच. सांगते की तुला जोशीकाकूंकडे ठेवलं होतं. त्यांना सासूबाईंमुळे येता येत नव्हतं, म्हणून त्यांनी जाणाऱ्या सगळ्यांची पोरं सांभाळली. शेजारच्या गुजराती बेननी चार वाजताच्या नळाचं पाणी आमच्या पिंपात भरून ठेवलं. एकीने पोळ्या लाटून दिल्या, पण स्वतःचं लाटणं मोर्च्यात गेलेलं, म्हणून बाटलीने लाटल्या. त्या पोळ्या कशा वेड्यावाकड्या झाल्या होत्या ते आई ८५ व्या वर्षीही हसून हसून सांगते.

लहानपणी मला वाटायचं, आईला मुद्द्याचं सांगताच येत नाही. पण मुद्दा तोच होता हो! अख्खी चाळ मागे उभी होती म्हणून आई पुढे जाऊ शकली. पोरं कुणाकडे, पाणी कोण भरणार, नवरा कुरकुरला तर त्याच्याशी कोण बोलणार, हे सगळं ठरलेलं असायचं. भाषणं नंतर. आम्ही पुढच्या पिढीने भाषणं पाठ केली, फोटो फ्रेम केले, आणि ही सगळी सोय मात्र चाळीबरोबर पाडून टाकली. आज माझ्या मजल्यावर चार फ्लॅट आहेत. दोघांची आडनावं मला दारावरच्या पाटीमुळे माहीत आहेत.

"तेव्हा लोकांना वेळ होता" असं मला कुणी ऐकवू नका. माझे बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत. १९ सप्टेंबर १९६८ चा एका दिवसाचा लाक्षणिक संप. सरकारने बेकायदा ठरवला होता, तरी बाबा गेले आणि निलंबित झाले. घरात खाणारी तोंडं, भाडं, आजोबांचं औषध, सगळं होतंच. आणि तीच आई, जिने नवऱ्याचा पगार बंद झालेला पाहिला, ती नंतर लाटणं घेऊन निघाली. जोशीकाकूंकडे पोर टाकून निघाली.

बरं, सगळं सोन्यासारखं होतं असं नाही. त्याच वर्षांत याच शहरात उडप्यांच्या हॉटेलांवर दगड पडले, १९६९ च्या फेब्रुवारीत सीमाप्रश्नावरून दंगल होऊन माणसं मेली. तोही वारसाच आहे, आणि तो मात्र पुढच्या पिढ्यांनी व्यवस्थित सांभाळला.

माझ्या लेकीशी मघाशी बोलले. ती म्हणाली, "आई, मी कॉन्ट्रॅक्टवर आहे. निलंबित करायलासुद्धा आधी कायम असावं लागतं." गप्पच बसले. तिचं बरोबर आहे. तिला युनियन नाही, आणि केस लागली की पासपोर्टपासून सगळं अडतं. मोर्चा काढायचा तर आझाद मैदानाच्या कुंपणात, परवानगी घेऊन.

आणि आता लिहितालिहिता काकांवरचा रागही थोडा उतरलाय. त्यांचं बालपण लालबागचं, मोठा भाऊ गिरणीत होता. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्या संपाचा शेवट असा कुणी जाहीर केलाच नाही. घरातली भांडी विकली गेलेली त्यांनी पाहिली असणार. वडिलांकडून फ्लोरा फाउंटनचा अभिमान आला, भावाकडून धसका आला. दोन्हींत धसका जड. मला कळतं ते.

पण मग तो धसका स्वतःजवळ ठेवा ना! वीस वर्षांच्या पोरीच्या ओंजळीत कशाला ओतता? तिने काय दगड मारायला बोलावलं होतं? बादली घेऊन या म्हणाली!

ग्रुपवर आणखी एक प्रश्न आला होता, "येऊन येऊन येणार किती, दहा जण?" १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंनी तोंडी तलाकाविरुद्ध मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला, तेव्हा त्यात सात मुस्लिम बायका होत्या. सात. त्यांचं नाव आजही घेतात. दहा म्हणजे आपण तीनने पुढे.

आणि कृपा करून खाली "तेव्हाचे नेतेच वेगळे होते" असं लिहू नका, मी डिलीट करणार आहे. जोशीकाकू नेत्या नव्हत्या.

सोसायटीतले जे हे वाचताय त्यांच्यासाठी : सोमवारी सकाळी दहाला गेटवर. त्या मुलीला मी कळवलंय. आई घरीच असेल, लहान पोरं आमच्याकडे ठेवा, तिने स्वतःहून सांगितलंय. फक्त ज्यांना शेंगदाणे चालत नाहीत त्यांची नावं आधी कळवा.