पाकीट उलटू नका

सुपरमार्केटात पौष्टिक धान्य निवडायला निघालात ना? मग आधी वाचायचा चष्मा घरी ठेवून या. चष्म्याने आजवर कुणाचं भलं झालेलं नाही, माझंच बघा. एक ब्रेड मी चांगली तीन-चार वर्षं श्रद्धेने खात होतो. मातकट तपकिरी रंग, माथ्यावर चिकटवलेले ओट्सचे चार पापुद्रे, नावात 'ग्रेन' आणि पाकिटावर उन्हात डुलणाऱ्या तीन लोंब्या. आणखी काय हवं? एकदा बिलाच्या रांगेत उभ्या उभ्या उगाच पाकीट उलटलं. प्लास्टिक दुमडून जिथे चिकटवतात, नेमकं त्या घडीत मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: मैदा, पाणी, साखर, यीस्ट, तेल, मीठ, गव्हाचा कोंडा, ओट्स, रंग (150 ए). हा 150 ए म्हणजे कॅरमेल. ज्याला मी धान्याचा अस्सल रंग समजत होतो, तो साखर तापवून केलेला निघाला.

त्या दिवसापासून तो ब्रेड घशाखाली उतरेना. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे चार शब्द.

घटकांच्या यादीकडे ढुंकूनही बघू नका. त्यात जिन्नस वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, जास्त ते आधी, कमी ते नंतर. हा फार चहाडखोर नियम आहे. ब्रेडमध्ये मीठ असतं एक-दोन टक्के. म्हणजे जे बिचारं मिठाच्याही नंतर उभं आहे, त्याची वट किती हे लगेच कळतं. साखरेने यावर छान तोडगा काढलाय. ती एकटी येतच नाही. साखर, ग्लुकोज सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन, मध अशी विभागून येते आणि प्रत्येक जण यादीत अंग चोरून खाली बसतो. एकत्र कुटुंब असतं तर पहिल्या पाटावर मानाने बसलं असतं!

त्यापेक्षा पुढची बाजू वाचा. तिथली अक्षरं कशी ठसठशीत असतात. 'मल्टिग्रेन' दिसलं की पाकीट ट्रॉलीत टाका. मल्टिग्रेन म्हणजे अनेक धान्यं, आणि ती अनेक असतातच, त्यात खोट नाही. ती अख्खी दळली की साल सोलून, हे विचारणं असभ्यपणाचं. 'होल ग्रेनयुक्त' तर त्याहून गोड. 'युक्त' या शब्दाचं पोट मोठं आहे. विहिरीत चमचाभर साखर टाका, पाणी साखरयुक्त झालंच की.

मुळात अख्ख्या दाण्याचा एवढा आग्रह कशाला? गव्हाच्या दाण्यात कोंडा सुमारे 14 टक्के, अंकुर जेमतेम 3 टक्के, बाकी सगळा पांढरा पिठाळ भाग. तंतू (म्हणजे फायबर) कोंड्यात, ई जीवनसत्त्व आणि तेल अंकुरात. त्या तेलामुळे अख्खं पीठ लवकर खवट होतं आणि पांढरं महिनोन्महिने टिकतं. जे टिकतं तेच चांगलं, एवढं कळलं की पुरे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोलादी रोलरच्या गिरण्या आल्या आणि कोंडा, अंकुर, पीठ असं तिघांना वेगळं करणं सोपं झालं. आता त्याच सुपरमार्केटात तिघेही वेगवेगळ्या पाकिटांत मिळतात. कोंड्याचं पाकीट 'आरोग्य' विभागात, अंकुराचं त्याच्याही वरच्या फळीवर. एक दाणा तीनदा विकत घ्यायची सोय, आणि लोक म्हणतात प्रगती झाली नाही.

जावा बेटावरच्या कोंबड्यांना ही प्रगती पचली नव्हती, ही गोष्ट वेगळी. 1890च्या दशकात ख्रिस्तियान आइकमन या डच डॉक्टरांना दिसलं की पॉलिश केलेल्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की त्या पुन्हा चालू लागतात. पुढे त्याच वाटेने बी1 जीवनसत्त्वाचा शोध लागला आणि 1929 साली आइकमनना नोबेल मिळालं. पण कोंबड्यांचं काय घेऊन बसलात, त्यांना पाकिटावरच्या लोंब्या कुठे दिसत होत्या!

आणखी एका जमातीपासून सांभाळा. हे लोक फळीसमोर उभं राहून भागाकार करतात. कर्बोदकांच्या आकड्याला तंतूंच्या आकड्याने भागायचं. उत्तर दहा किंवा त्याच्या आत आलं तर ठेवायचं, नाहीतर परत. माझ्या ब्रेडमध्ये शंभर ग्रॅमला कर्बोदकं 50, तंतू अडीच. भागाकार आला वीस. सकाळच्या न्याहारीला गणित घालून कुणाचं पोट भरलंय?

आणि सगळ्यात महत्त्वाचं: खालच्या फळीकडे वाकू नका. तिथे साधे ओट्स असतात, बिनपॉलिशचा तांदूळ असतो, झालंच तर लाह्यांचा कोरडा मका. चित्र नाही, वचन नाही. परवा मी गुडघे सांभाळत वाकून ओट्सचं पाकीट उचललं आणि सवयीने उलटलं. घटक: ओट्स. बस! पुढे एक अक्षर नाही. लिहिणाऱ्याने काही कष्टच घेतले नव्हते. मागून एका ट्रॉलीचा धक्का बसला, तेव्हा भानावर आलो.

माझ्या जुन्या ब्रेडचं आता नवं पाकीट आलंय. ठळक अक्षरांत 'आता अधिक धान्यमय'. राहवलं नाही, ते दुमडलेलं टोक नखाने सोडवून बघितलंच. तंतू अडीचच आहेत. लोंब्या मात्र तीनच्या पाच झाल्यात.