आउटलायर उडवण्याआधी २३ सप्टेंबर आठवा

माझी भाची नागपूरच्या पावसावर एमएस्सीचा प्रकल्प करतेय. परवा तिच्या फाइलमध्ये २३ सप्टेंबर २०२३ हा दिवसच सापडेना. विचारलं तर म्हणाली, ‘मामा, मेसेज आला होता ना, सरासरीपासून तीन एसडीच्या बाहेरचं सगळं उडवायचं!’ (एसडी म्हणजे प्रमाण विचलन, आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप; फार बाहेर पडलेला आकडा म्हणजे आउटलायर.) ‘डेटा बघत बसू नका, थेट टेस्ट (संख्याशास्त्रीय चाचणी) लावा’ असं सांगणारा तो पाच मुद्द्यांचा मेसेज. तिच्या वर्गात बऱ्याच जणांनी तो खरा मानलाय.

त्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरवर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला, घरांत पाणी शिरलं, माणसं दगावली. रोजच्या पावसात बहुतेक नोंदी शून्याच्या, म्हणून सरासरी लहान. तीन एसडीची कात्री लावली की मुसळधार दिवसच आधी कापले जातात. अभ्यास पुराचा आणि पूरच फाइलीबाहेर! आता दुसरी नोंद बघा. ३० मे २०२४ला नागपूरच्याच रामदासपेठेतल्या स्वयंचलित हवामान केंद्राने तापमान ५६ अंश दाखवलं. हवामान खात्याने नंतर सेन्सरचा दोष सांगितला. एक आकडा खरा, एक खोटा, आणि कात्रीला दोन्ही सारखेच. फरक कळतो तो तारीख बघून, शेजारच्या केंद्राशी ताडून. हे काम टाळायचं असेल तर टेस्ट कशावर लावणार?

आता मेसेजचे बाकीचे मुद्दे. ‘सरासरी आणि एसडी पुरे, ग्राफ शोभेचा.’ संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अँस्कोम्ब यांनी १९७३मध्येच हे खोडलंय. अकरा-अकरा बिंदूंचे चार संच: सरासरी जवळपास तीच, सहसंबंध (दोन राशी किती जोडीने बदलतात त्याचं माप) ०.८२, बिंदूंना जुळवलेल्या सरळ रेषेचं समीकरणही तेच. ग्राफ काढला तर एकात साधा कल, दुसऱ्यात वक्र, तिसऱ्यात एकच बिंदू रेषेला ओढतोय, चौथ्यात एक बिंदू वगळला तर रेषाच उरत नाही. हे चार ग्राफ तासाभरात वहीवर काढून होतात. काढा.

‘रिकाम्या जागी शून्य भरा.’ पावसात शून्य म्हणजे कोरडा दिवस. नोंद नसणं वेगळं.

‘चूक असेल तर सॉफ्टवेअर सांगेल.’ नाही सांगत. हवामान खात्याच्या पावसाच्या ग्रिड डेटात (नकाशाच्या चौकटीगणिक दिलेल्या आकड्यांत) नोंद नसलेल्या जागी -९९९ असतं. तुम्ही सांगितलं नाही तर त्याचीही सरासरी निघते.

‘आधी डेटा बघणं म्हणजे फसवणूक’ यात मात्र अर्धं खरं आहे. डेटात दिसलेला कल उचलून त्याच डेटावर टेस्ट लावली तर त्या पी-व्हॅल्यूला (खरा कल नसताना इतका ठळक निकाल निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता) अर्थ राहत नाही. म्हणून प्रश्न आधी लिहून ठेवा. पण नोंदी तपासणं आणि निष्कर्ष हुडकणं या दोन गोष्टी आहेत.

भाचीने तो दिवस परत घातलाय. बाकीच्या उडवलेल्या तारखा आम्ही रविवारी एकेक करून तपासणार आहोत.