स्टॅलिनचा शेतकरी, हिटलरचा शेतकरी

"हुकूमशाही ती हुकूमशाहीच. कम्युनिस्ट काय, फॅसिस्ट काय, सगळे एकाच माळेचे मणी." आमच्या ग्रुपवर हे वाक्य आठवड्याला एकदा तरी पडतंच. मरणाऱ्याला फरक पडत नाही, कबूल. पण एवढ्यावर विषय मिटवला तर या दोन हुकूमशाह्या येतात कुठल्या वाटेनं हेच कळत नाही. आपण वाळवा-तासगावकडची माणसं, तेव्हा शेतकऱ्याच्या बांधावरूनच बघू.

कम्युनिस्ट सोव्हिएत रशियात स्टॅलिननं १९२९ च्या अखेरीस जमीन, घोडी, अवजारं सगळं सामुदायिक शेतीत घालायची सक्ती सुरू केली. लोकांनी जनावरं सरकारच्या दावणीला बांधण्यापेक्षा कापून खाल्ली. चार-पाच वर्षांत देशातली गुरं नि घोडी जवळपास निम्म्यावर आली. जरा बरं चाललेला शेतकरी म्हणजे 'कुलक'; १९३० आणि ३१ मध्ये असे सुमारे अठरा लाख लोक बायकापोरांसकट उरल-सैबेरियाकडं हाकलले. ऑगस्ट १९३२ चा कायदा तर भयानक. सामुदायिक रानात पडलेली कणसं वेचली तरी दहा वर्षं तुरुंग, नाहीतर गोळी. आपल्याकडं ज्वारी काढल्यावर सरवा वेचणाऱ्या बायकांना कुणी हटकतसुद्धा नाही. त्याच हिवाळ्यात युक्रेनमध्ये लाखो माणसं भुकेनं मेली.

फॅसिस्टांकडं, म्हणजे जर्मनीत, हिटलरनं जमिनीला हात लावला नाही. सप्टेंबर १९३३ मध्ये कायदा केला: साधारण साडेसात हेक्टरच्या वरचं, कुटुंब पोसणारं शेत विकायचं नाही, गहाण टाकायचं नाही, वाटणी करायची नाही. सगळं एकाच वारसाला. (भाऊबंदकीच्या केसेस मिटल्या म्हणून खूश होऊ नका, धाकट्यांनी काय करायचं ते बघा.) वर १८०० सालापासून घराण्यात ज्यू रक्त नाही हे दाखवायचं. मालाचा भावही सरकारच बांधणार. कारखानदाराचंही तसंच. कारखाना त्याचाच राहिला, आणि २ मे १९३३ ला कामगार संघटनांची कार्यालयं ताब्यात घेऊन सरकारनं त्याची डोकेदुखी मिटवली.

एक मालकाला संपवतो, दुसरा त्याला पदरी ठेवतो. सगळं इथून फुटतं. म्हणूनच रशियात स्टॅलिनच्या आधीच्या लेनिनला सत्तेसाठी बंड आणि मग यादवी करावी लागली. मुसोलिनीला १९२२ मध्ये राजानं बोलावून पंतप्रधान केलं, हिटलरला ३० जानेवारी १९३३ ला राष्ट्राध्यक्षानं चॅन्सेलर नेमलं. त्याआधी इटलीत पो नदीच्या खोऱ्यात बड्या जमीनदारांच्या पैशावर मुसोलिनीच्या काळ्या शर्टवाल्या टोळ्यांनी शेतमजुरांच्या संघटना मोडल्या होत्या. पुढाऱ्यांना धरून बळंच एरंडेल पाजायचे. मारही द्यायचा आणि चारचौघांत अब्रूही घालवायची.

आता कुणीतरी क्रांतिसिंह नाना पाटलांचं नाव काढणार. ते १९५७ ला साताऱ्यातून कम्युनिस्ट खासदार झाले, पण मतं मागून. तो विषय इथं आणू नका.

मला फॅसिस्टांची भीती जास्त वाटते, कारण त्यांच्या राज्यात आपल्यासारख्याला सुरुवातीला बरंच वाटेल. जमीन शाबूत, भाव बांधलेला, मजूर गप्प. जर्मनीच्या कितीतरी खेड्यांत जनावरांचे व्यापारी ज्यू होते. १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी तीन आजी-आजोबा ज्यू असतील तर माणूस ज्यू ठरवला, मग तो स्वतः चर्चमध्ये जात का असेना. कुलकाचं पोर बापाचं नाव टाकून कधीमधी तरी सुटायचं. आजी कुणाला टाकता येते? १९३८ संपेस्तोवर हे व्यापारी बाजारातून पार उठवले गेले, आणि गाई घेणारे शेतकरी दुसऱ्या व्यापाऱ्याकडं गेले.