आलेख वर, म्हणजे गडी सरस?

प्लेसमेंटचा हंगाम जवळ आला की कॉलेजांच्या ग्रुपांवर एक सल्ला हमखास फिरतो. कोडफोर्सेस या कोडिंग स्पर्धांच्या साइटवरचे दोन हँडल, म्हणजे खात्यांची नावं, तुलना करणाऱ्या टूलमध्ये टाका. ज्याचा रेटिंगचा (स्पर्धांतल्या कामगिरीवरून मिळणाऱ्या गुणांचा) आलेख वर, ज्याचे सोडवलेले प्रॉब्लेम जास्त, ज्याची चढण उभी, तो सरस कोडर. टूलबद्दल माझी तक्रार नाही. ही टूल्स बहुधा कोणीतरी हौसेने बांधलेली असतात आणि कोडफोर्सेसच्या खुल्या एपीआयवरून (इतर प्रोग्रॅमना माहिती पुरवणाऱ्या सोयीतून) आलेला खरा डेटाच दाखवतात. वांधा आहे तो त्यावरून परस्पर लावलेल्या निकालाचा.

आधी सोडवलेल्या प्रॉब्लेमांचा आकडा घेऊ, कारण फुशारकी त्याचीच जास्त. एखादं सबमिशन (तपासायला पाठवलेलं उत्तर) चालू कॉन्टेस्टमधलं, व्हर्च्युअलमधलं (जुनी कॉन्टेस्ट नंतर घड्याळ लावून खेळलेली) की नंतरच्या सरावातलं, हे एपीआय प्रत्येक वेळी सांगतो. टूलने ती माहिती वापरली नाही, की दोन तासांच्या राउंडमध्ये घाम गाळून सोडवलेला प्रॉब्लेम आणि दुसऱ्या दिवशी एडिटोरियल, म्हणजे छापील उकल, वाचून टाइप केलेला प्रॉब्लेम एकाच मापाने मोजले जातात. त्यात एकच प्रॉब्लेम डिव्ह 2 या खालच्या गटात सी आणि डिव्ह 1 या वरच्या गटात ए म्हणून आलेला असतो. दोन्हीकडे सबमिट केला तर बाळबोध मोजणी त्याचे दोन करते. आणि प्रॉब्लेमांनाही कठीणपणाचं रेटिंग असतं; 800 ही त्यातली सर्वांत खालची पायरी. 1900 चा प्रॉब्लेम म्हणजे साधारण 1900 रेटिंगच्या स्पर्धकालाही कॉन्टेस्टमध्ये सुटण्याची शक्यता निम्मीच. 800 चे 300 सोडवणारा आणि 1900 चे 60 सोडवणारा, यांत एकूण आकडा कोणाला पुढे दाखवणार ते उघड आहे.

‘चढण बघा, सहा राउंडमध्ये कुठून कुठे गेला!’ हा मुद्दा तर भारीच, कारण ती चढण बऱ्याच अंशी कोडफोर्सेसनेच बांधून दिलेली असते. 2020 मध्ये नियम बदलला. नवं खातं आतल्या हिशेबात 1400 वर धरतात, पण दाखवताना 0 पासून सुरुवात. मग पहिल्या सहा राउंडांना खऱ्या बदलाच्या वर अनुक्रमे 500, 350, 250, 150, 100 आणि 50 गुण मिळतात. बेरीज करून बघा, बरोबर 1400 भरते. म्हणजे सहाही वेळा अपेक्षेइतकंच खेळून ज्याचं खरं रेटिंग तसूभर हललं नाही, त्याचाही आलेख शून्यातून 1400 पर्यंत झेपावतो. शेजारी 1500 पासून सुरू झालेलं जुनं खातं ठेवा. जुना गडी ठप्प, नवा सुसाट! नव्या खात्याचे पहिले सहा बिंदू हाताने झाकले तर निम्मे वाद तिथेच मिटतील.

‘60 गुणांनी पुढे आहे.’ बरं, मग? हे रेटिंग बुद्धिबळातल्या एलो पद्धतीच्या घराण्यातलं. 60 गुणांचा फरक म्हणजे पुढचा मागच्याच्या वर येण्याची शक्यता सुमारे 59 टक्के. 200 ला ती 76 होते, 400 ला 91. एक राउंड बिघडला की 60 गुण सहज जातात. पण 1590 आणि 1610 यांच्यामध्ये स्पेशालिस्ट आणि एक्स्पर्ट या किताबांची रेघ पडते, नावाचा रंग आकाशीचा निळा होतो, आणि 20 गुणांचा फरक लोकांना डोंगराएवढा वाटू लागतो.

काही टूल्स सर्वोत्तम क्रमांकही शेजारी शेजारी मांडतात. डिव्ह 1 चा राउंड 1900 आणि त्यावरच्यांसाठी असतो, डिव्ह 2 चा 2100 च्या खालच्यांसाठी. डिव्ह 1 मधला 600 वा आणि डिव्ह 2 मधला 200 वा, यांची तुलना करायची तरी कशी?

सर्वोच्च रेटिंगचं थोडक्यात सांगतो. कोडफोर्सेसवर न खेळल्याने रेटिंग घटत नाही. एक्स्पर्ट झाल्या झाल्या खातं कुलूपबंद ठेवून दुसऱ्या खात्यावर खेळणारे महाभाग आहेतच. त्यांची आडवी सरळ रेघ सातत्य म्हणून वाचू नका.

आणि कोडशेफ या दुसऱ्या साइटचे 1800 कोडफोर्सेसच्या 1800 शेजारी ठेवणाऱ्यांना काय सांगावं! अशा रेटिंगला अर्थ येतो तो त्याच स्पर्धकांच्या गर्दीत. लीटकोड या तिसऱ्या साइटची तर सुरुवातच 1500 पासून होते.

मग टूल फेकून द्यायचं का? मुळीच नाही. त्यातली सर्वांत उपयोगी गोष्ट निकाल लावणाऱ्यांच्या नजरेतून सुटते: समोरच्याने सोडवलेले आणि आपल्याकडून राहिलेले प्रॉब्लेम. ती सोय असेल तर फक्त चालू कॉन्टेस्टमधली सबमिशन्स ठेवा, आपल्या रेटिंगच्या वर 200 पर्यंतचे प्रॉब्लेम निवडा आणि टॅगनुसार, म्हणजे विषयावार, लावा. समोरचा डीपीत (डायनॅमिक प्रोग्रॅमिंग) पुढे असेल, तुम्ही ग्राफच्या प्रॉब्लेमांत. दोघांचं रेटिंग तंतोतंत सारखं असतानाही ही यादी भली लांब निघू शकते, आणि पुढच्या आठवड्यात काय सोडवायचं ते त्यातून ठरवता येतं.