न्हावा-शेवा बुडालं म्हणता? मग दिवसाला हजारो डबे येतात कुठून?

उरण-पनवेलकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतो. सारांश असा: जेएनपीटी (न्हावा-शेवा बंदराचं सरकारी नाव) सरकारने आधी विकलं, मग गुजरातच्या मुंद्रा बंदराने त्याचा माल पळवला, उरलासुरला धंदा आता डहाणूजवळ होणाऱ्या वाढवण बंदराला नेऊन न्हावा-शेव्याला कुलूप लावणार. बंदरवाले वाढीचे जे आकडे छापतात ते रिकामे डबे (कंटेनर) मोजून फुगवलेले. आणि उरणच्या पोरांना नोकऱ्या मिळत नाहीत, कारण बंदरात कामच राहिलेलं नाही. शेवटी नेहमीची ओळ, ‘खरा मराठी असशील तर पुढे पाठव’.

पाठवणारे बहुतेक ओळखीचेच असतात आणि त्यांचा रागही समजण्यासारखा आहे. पण मेसेजमधला एकेक दावा तपासायला घेतला की कळतं, चार-पाच वेगवेगळी दुखणी एका कागदात गुंडाळून त्यावर ‘बंदर बुडालं’ असं लेबल चिकटवलंय.

‘जेएनपीटीचा धंदा संपला, आलेखच बघा’

आलेख बघितला. तो २०२०-२१ ला येऊन थांबतो. त्या वर्षी खरोखरच घसरण झाली होती. २०१८-१९ मध्ये या बंदराने सुमारे ५१.३ लाख टीईयू हाताळले होते, पुढच्या वर्षी ५०.३ लाख आणि कोविडच्या वर्षात ४६.८ लाख. (टीईयू म्हणजे वीस फुटी डब्याचं माप. चाळीस फुटी एक डबा आला की दोन टीईयू धरतात.) आलेख तिथेच कापला तर बंदर उताराला लागलेलं दिसणारच.

आता पुढचे आकडे. २०२१-२२ मध्ये ५६.८ लाख, त्यानंतर ६०.५ लाख, २०२३-२४ मध्ये ६४.३ लाख आणि २०२४-२५ मध्ये ७३ लाख. एका वर्षात साडेतेरा टक्के वाढ, चार वर्षांत दीडपटीहून जास्त. १९८९ च्या मे महिन्यात बंदर सुरू झालं तेव्हापासून तोवर एवढे डबे कधीच हाताळले गेले नव्हते. सरासरी काढली तर दिवसाला वीस हजार टीईयू, रविवार-दिवाळी धरून.

२०२४-२५ हे वर्ष काही सोपं नव्हतं. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे युरोपची जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जात होती. वेळापत्रकं कोलमडली की चार दिवसांत येणारी जहाजं एकाच दिवशी दारात उभी राहतात, यार्डात डबे साचतात, गेटवर ट्रेलर अडकतात. करळ फाट्याला, दास्तान फाट्याला जे तासन्‌तास रखडले असतील त्यांना हे सांगायला नको. पण बंदर बुडल्याचा पुरावा म्हणून त्याच रांगांचे फोटो मेसेजमध्ये लावलेत, याला काय म्हणावं? धंदा नसलेल्या बंदराच्या दारात ट्रेलर कशाला उभे राहतील! रांगा होत्या कारण तेव्हा बंदराची क्षमताच पंचाहत्तर लाख टीईयूंच्या आसपास होती आणि ती जवळपास भरत आली होती.

ती क्षमता नंतर वाढली. सिंगापूरच्या पीएसए कंपनीच्या भारत मुंबई कंटेनर टर्मिनलचा दुसरा टप्पा सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झाला. त्या एका टर्मिनलची क्षमता २४ लाखांवरून ४८ लाख टीईयूंवर गेली, धक्क्याची लांबी दोन किलोमीटर झाली आणि अख्ख्या बंदराची क्षमता एक कोटी टीईयूंच्या घरात पोचली. बुडत्या बंदरात एवढा पैसा ओतणारी सिंगापूरची कंपनी फारच भोळी म्हणायची.

‘मुंद्रा २० कोटी टन, जेएनपीटी ९ कोटी टन, विषय संपला’

आकडे बरोबर आहेत. २०२४-२५ मध्ये मुंद्राने २० कोटी टनांचा टप्पा ओलांडला, आणि असं करणारं ते देशातलं पहिलं बंदर. न्हावा-शेव्याचा त्या वर्षीचा एकूण माल ९ कोटी २१ लाख टन. चुकीची आहे ती तुलना.

मुंद्राच्या टनांमध्ये काय काय येतं ते बघा. बंदराच्या शेजारी परदेशी कोळशावर चालणारे दोन प्रचंड वीजप्रकल्प आहेत, एक अदानींचा आणि एक टाटांचा, प्रत्येकी चार हजार मेगावॉटच्या वर. पानिपत आणि भटिंड्याच्या रिफायनऱ्यांचं कच्चं तेल मुंद्रापाशीच उतरतं आणि पाइपलाइनने उत्तरेला जातं. कोळसा आणि कच्चं तेल वजनाला भारी. न्हावा-शेवा हे आधीपासून डब्यांचं बंदर; खाद्यतेल, पेट्रोलियम पदार्थ असा द्रव माल थोडाफार, बाकी सगळे कंटेनर. कापसाच्या गाठी, औषधं, सुटे भाग, नाशिकची द्राक्षं यांचं वजन कोळशाच्या वजनाशी ताडून कोण जिंकलं ते ठरवायचं, हा सोनाराने लोखंडाच्या वखारीशी किलोवर स्पर्धा करण्याचा प्रकार झाला.

डब्यांना डबे लावून तुलना करा. तिथेही मुंद्रा २०२०-२१ मध्ये पुढे गेलं आणि पुढेच आहे, हे मान्य करायला हवं. २०२३-२४ मध्ये मुंद्रा ७४ लाख टीईयू आणि आपण ६४ लाख. दहा लाखांचा फरक काही किरकोळ नाही, पण ‘सगळा माल पळवला’ असंही त्याला म्हणता येत नाही. मुंद्रा वाढत असतानाच न्हावा-शेवाही वाढलंय, कारण देशाचा एकूण कंटेनर-व्यापारच वाढलाय.

मुंद्रा पुढे का गेलं, याचं उत्तर मात्र त्या मेसेजमध्ये नाही, आणि तेच खरं महत्त्वाचं आहे. मेसेजच्या मते उत्तर एकच: राजकारण. राजकारण अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. पण दिल्ली, लुधियाना, जयपूरच्या व्यापाऱ्याला मुंद्रा जवळ पडतं, हा भूगोल आहे. दुसरी गोष्ट पाण्याची. मुंद्राला खोल पाणी आहे. मे २०२४ मध्ये १९,२०० टीईयूंचं ‘एमएससी अ‍ॅना’ हे जहाज तिथे लागलं. आपली वाट मुंबई बंदराच्या सामायिक खाडीतून येते. ती गाळ उपसून १५ मीटर ड्राफ्टच्या, म्हणजे पाण्याखाली तेवढ्या खोल बुडणाऱ्या जहाजांसाठी तयार केली, तीही भरतीचा हात धरून, आणि तो गाळ पुन्हा पुन्हा उपसावा लागतो. तिसरी गोष्ट रेल्वेची, आणि रागवायचंच असेल तर इथे रागवा. दिल्लीजवळच्या दादरीपासून जेएनपीएपर्यंत (जेएनपीटीचं आताचं नाव) मालगाड्यांसाठी पश्चिम समर्पित मार्गिका आखली गेली, १,५०६ किलोमीटरची. उत्तरेकडून पालनपूरपर्यंतचा भाग २०२१ मध्ये सुरू झाला आणि गुजरातच्या बंदरांना तिथून जोड मिळाली, डब्यावर डबा ठेवून जाणाऱ्या गाड्यांसकट. आपला वैतरणा ते जेएनपीए हा तुकडा साऱ्या मार्गात सगळ्यात शेवटी राहिला. जुन्या मार्गावरच्या विजेच्या तारा एवढ्या खाली की डब्यावर डबा चढवता येत नाही. एका गाडीत ते जेवढा माल नेतात त्याला या जुन्या मार्गाने आपल्याला जवळजवळ दोन गाड्या लागतात. नावालाच जेएनपीएसाठी असलेल्या मार्गिकेचा पहिला फायदा मुंद्रा आणि पिपावावला मिळाला, हे बंदर बुडाल्याच्या बोंबेपेक्षा कितीतरी टोचणारं आहे. पण त्याचा मेसेज कोणी केला नाही.

कार्यक्षमतेतही मार खाल्लाय. जागतिक बँकेच्या २०२३ च्या कंटेनर बंदर निर्देशांकात मुंद्रा २७ वं आणि जेएनपीए ९६ वं होतं. बंदराच्या जाहिरातीत ही ओळ नसते, हेही खरं.

‘वाढीचे आकडे रिकामे डबे मोजून फुगवलेत’

रिकामे डबे मोजतात, बरोबर. जगातलं प्रत्येक बंदर मोजतं. डबा भरलेला असो वा रिकामा, क्रेनला उचलावाच लागतो आणि त्याचे पैसे लागतात. मुंद्राही मोजतं, सिंगापूरही मोजतं. त्यामुळे ‘फुगवले’ हा शब्द चालणार नाही.

तरी या मुद्द्यात थोडा दम आहे आणि तो मेसेजवाल्याला सापडलेलाच नाही. २०२४-२५ मध्ये डबे साडेतेरा टक्क्यांनी वाढले, पण टन वाढले साधारण सव्वासात टक्क्यांनी, ८ कोटी ५८ लाखांवरून ९ कोटी २१ लाख. बंदराच्या एकूण वजनाला टीईयूंनी भागलं तर आदल्या वर्षी १३.३ टन येतात आणि त्या वर्षी १२.६. म्हणजे डब्यांच्या वेगाने माल वाढला नाही. हलका माल, रिकामे डबे, मागे पडलेला द्रव माल, यांचं काहीतरी मिश्रण त्यामागे असणार. बंदराच्या वाढीचं कौतुक करताना साडेतेराच्या शेजारी सव्वासातही छापावं, एवढी टीका रास्त आहे. पण सव्वासात टक्के वाढ म्हणजे बुडणं नव्हे.

‘सरकारने बंदर विकून टाकलं’

नाव बदललं म्हणून हा समज पसरला असावा. जेएनपीटीचं जेएनपीए झालं ते २०२१ च्या महाबंदर प्राधिकरण कायद्याने. विश्वस्त मंडळं गेली आणि प्राधिकरणं आली. मालकी केंद्र सरकारचीच राहिली.

टर्मिनलं खासगी कंपन्या चालवतात, ते मात्र आजचं नाही. देशातलं पहिलं खासगी कंटेनर टर्मिनल इथेच झालं. करार १९९७ चा, पी अँड ओ कंपनीशी, आता ते डीपी वर्ल्डकडे आहे. मग २००६ च्या सुमारास एपीएम आणि कॉनकॉर या कंपन्यांचं जीटीआय टर्मिनल आलं, त्यानंतर पीएसए. शेवटी २०२२ मध्ये बंदराचं स्वतःचं टर्मिनलही जे. एम. बक्षी आणि सीएमए यांच्या कंपनीकडे तीस वर्षांसाठी गेलं आणि जेएनपीए पूर्णपणे ‘जमीनमालक’ बंदर झालं. जमीन, पाण्याची वाट, गाळउपसा बंदराकडे. क्रेन आणि यार्ड कंपनीकडे. कंपनी त्याबदल्यात हिस्सा देते. जीटीआयने उत्पन्नाच्या साडेपस्तीस टक्के कबूल केले, पीएसएने ३५.७९ टक्के. १९९७ चा तो करार तीस वर्षांचा आहे. विकलेल्या वस्तूला मुदत नसते. या पद्धतीवर टीका करायला भरपूर जागा आहे, आणि तिच्यात नेमकं कोणाचं नुकसान होतं ते खाली येतंच.

‘वाढवण झालं की न्हावा-शेवा बंद’

वाढवणच्या कंपनीत ७४ टक्के हिस्सा खुद्द जेएनपीएचा आणि २६ टक्के महाराष्ट्र सागरी मंडळाचा आहे. जेएनपीए स्वतःचंच दुकान बंद करण्यासाठी ७६ हजार २२० कोटींच्या प्रकल्पात उतरलंय, असं मानायला फार कल्पनाशक्ती लागते. वाढवणला किनाऱ्याजवळ साधारण वीस मीटर नैसर्गिक खोली आहे, म्हणून जी अजस्र जहाजं आपल्या खाडीत पूर्ण भाराने शिरू शकत नाहीत ती तिथे जातील. डहाणूच्या मच्छीमारांचा विरोध हा अगदी वेगळा आणि गंभीर विषय आहे. त्यांच्या मासेमारीच्या जागा जाणार आहेत. त्यांचं म्हणणं उरणच्या दुकानदारांना घाबरवायला वापरू नये.

‘काम नाही म्हणून स्थानिकांना नोकऱ्या नाहीत’

इथे मेसेजने खरं दुखणं उचललं आणि कारण बरोबर उलटं लावलं.

या बंदराच्या आणि नवी मुंबईच्या जमिनीसाठी काय किंमत मोजली गेली ते इथे कोणाला सांगायला नको. जानेवारी १९८४ मध्ये जासई आणि नवघरला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, पाच जण गेले. त्यातून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं तत्त्व आलं, आणि जेएनपीटीबाधितांच्या हातात त्या भूखंडांची पत्रं पडायला २०१४ उजाडलं. शेवा गाव उठवून वसवलेल्या हनुमान कोळीवाड्याला वाळवीने पोखरलं आणि पुन्हा पुनर्वसनाची मागणी करावी लागली.

एवढं देऊन बदल्यात नोकऱ्या मिळतील ही अपेक्षा होती. सुरुवातीला मिळाल्याही, बंदराच्या पगारपत्रकावर, कायमच्या. पुढे एकेक टर्मिनल खासगी होत गेलं तसतशी कायमची भरती आटली. डबे वाढले, माणसं वाढली ती ठेकेदाराकडे, बारा तासांच्या पाळीत, सीएफएसच्या (डबे भरण्या-उतरवण्याच्या केंद्राच्या) गोदामात नाहीतर ट्रेलरच्या चाकावर. ४६.८ लाखांवरून ७३ लाखांवर गेलेल्या बंदरात काम नाही, असं म्हणणं म्हणजे कंपन्यांना आयतं निमित्त पुरवणं आहे. ‘काय करणार, धंदाच नाही’ हे वाक्य त्यांच्या तोंडी आपणच कशाला घालायचं? धंदा आहे, विक्रमी आहे, दर डब्यामागे पैसे येताहेत. मग भरतीचे नियम, ठेकेदारांच्या यादीतली स्थानिकांची टक्केवारी, किमान वेतन यांचा हिशेब मागता येतो.

पागोटे ते चौक हा सहापदरी रस्ता मार्च २०२५ मध्ये केंद्राने मंजूर केला, २९ किलोमीटरचा, साडेचार हजार कोटींचा. पुन्हा जमीन जाणार, पुन्हा मोबदल्याच्या सभा होणार. आणि त्या पहिल्या खासगी टर्मिनलच्या कराराची तीस वर्षं २०२७ मध्ये भरतात. पुढे ते कोणत्या अटींवर चालवायचं हे ठरताना स्थानिक भरतीची अट कागदावर हवी असेल, तर त्या टेबलावर ७३ लाखांचा आकडा घेऊन जावं लागेल. बुडालेल्या बंदराकडे कोणी नोकऱ्या मागत नाही.