साइक्सांचं रक्त आणि बीडच्या पाट्या

मराठा-ओबीसी तणाव पेटलेला असताना 2025 मध्ये बीड जिल्ह्यात पोलिसांच्या टेबलांवरच्या पाट्यांवरून आडनावं काढली गेली. तेव्हा इथल्या, इंग्लंडमधल्या मराठी मंडळींचा ठरलेला सूर लागला: “इंग्रजांकडे बघा, त्यांना आडनावाचं काही पडलेलं नसतं.”

मी राहतो पश्चिम यॉर्कशरमध्ये, साइक्स लोकांच्या मुलखात. डोंगरउतारावरच्या पाणथळ ओहोळाला इकडे ‘साइक’ म्हणतात, त्याच्या काठी राहणारे ते साइक्स. हडर्सफील्डच्या आसपास हे नाव मध्ययुगापासून आहे. ओहोळ जागोजागी, त्यामुळे आडनावही ठिकठिकाणी वेगवेगळ्या घरांनी घेतलं असणार, असंच अभ्यासक धरून चालले होते. ऑक्सफर्डचे जनुकशास्त्रज्ञ ब्रायन साइक्स यांनी आपल्याच आडनावाच्या पुरुषांचं, बापाकडून मुलाकडे जाणारं वाय गुणसूत्र तपासलं. 2000 साली निष्कर्ष आला: जवळजवळ निम्म्यांत एकच नमुना. म्हणजे मूळपुरुष बहुधा एकच.

मला मात्र उरलेले निम्मे जास्त आवडतात. दत्तक आलेले, आईचं आडनाव लावलेले, लग्नाबाहेर जन्मलेले. सातशे वर्षांत रक्त कुठून कुठून आलं असेल, तरी सगळे साइक्सच. दिवाणखान्यात वंशावळ टांगणाऱ्या आपल्या लोकांनी ब्रायन साइक्स यांचा हा शोधनिबंध एकदा वाचावा.

याच आडनावाचे सर मार्क साइक्स, मोठे जमीनदार. 1916 च्या ब्रिटन-फ्रान्समधल्या साइक्स-पिको करारात त्यांनी अरब मुलखाची वाटणी ठरवली. कर्नल विल्यम हेन्री साइक्स तर आपल्याकडेच होते. 1824 पासून मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करताना त्यांनी जमीनधारा, हवामान, पक्षी, मासे, काही सोडलं नाही. माळरानावरचा एक तुरेवाला चंडोल इंग्रजीत आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. आणि इथल्या कापडगिरण्यांत राबणारेही साइक्सच. जमीनदार कोण नि गिरणीकामगार कोण, हे आडनावावरून कळत नाही. ते काम इंग्रज माणूस बोलण्याच्या ढबीवरून आणि शाळेच्या नावावरून उरकतो.

शिवाय आडनाव परकं असलं की तेही वाचलं जातंच. 2009 च्या एका सरकारी अभ्यासात सारख्याच पात्रतेचे नोकरीचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवले गेले. गोऱ्या वाटणाऱ्या नावाला 9 अर्जांमागे एक होकारार्थी उत्तर आलं, आशियाई-आफ्रिकी नावांना त्यासाठी 16 अर्ज लागले. तेव्हा इंग्रजांचा दाखला जरा जपूनच द्यावा.

तरी बीडचा निर्णय मला पटतो. खुर्चीत बसलेल्याचं आडनाव वाचून समोरच्याच्या पोटात गोळा येत असेल, तर पाटी बदललेली बरी. पण विचारणारा विचारतोच. इथल्या गणेशोत्सवातसुद्धा गावावरून आलेलं ‘कर’वालं आडनाव सांगितलं की पुढचा प्रश्न तयार असतो: “हो, पण मूळचे कोण?” आणि पोलीस ठाण्यात साहेबांची पाटी नुसत्या नावाची झाली, तरी तक्रार द्यायला आलेल्याला आपलं पूर्ण नाव सांगावंच लागतं.