त्या शिस्तीमागे कोणाची तरी ड्युटी असते

‘जपान्यांच्या रक्तातच शिस्त असते’ हा फॉरवर्ड आज सकाळी पुन्हा फॅमिली ग्रुपवर आला. खाली नेहमीचं ‘आपल्याकडे हे होणे नाही’ आणि हात जोडलेल्या इमोजींची रांग. ओकायामाला एका जपानी घरात राहून आल्यापासून मला या वाक्याचा फार राग येतो. कौतुक खुशाल करा. पण हे सगळं ज्यांच्या राबण्यावर चालतं, त्यांचं नाव त्या कौतुकात कुठेच नसतं.

ओकायामा म्हणजे तेच शहर, जिथल्या कोराकुएन बागेवरून आपलं सिंहगड रोडचं पु. ल. देशपांडे उद्यान बेतलंय. मूळ बाग १७०० साली पूर्ण झालेली, बघण्यासारखीच आहे. तिचे फोटो मी टाकले तेव्हा तुम्ही सगळ्यांनी लाइक केले होते. सिंकपाशी उभी राहून जे शिकले त्याचे फोटो नाहीत, म्हणून आज लिहिते.

दूध संपलं की रिकामा खोका टाकायचा नाही. विसळायचा, कात्रीने कापून सपाट उलगडायचा, वाळत ठेवायचा आणि चार साठले की सुपरमार्केटच्या दारातल्या पेटीत नेऊन टाकायचे. पाण्याच्या बाटलीचं झाकण वेगळं, वरचं वेष्टन वेगळं, बाटली धुऊन वेगळी. जळणारा कचरा पालिकेच्या ठरावीक पिशवीतच, आणि ती पिशवी विकत घ्यायची. ठरलेल्या वारी सकाळी ती कोपऱ्यावर ठेवायची आणि कावळ्यांनी फाडू नये म्हणून वर जाळी ओढायची. आता सांगा, गाडी येऊन गेली की त्या जाळीची घडी कोण घालतं? खालची जागा कोण झाडतं? आमच्या गल्लीत तरी पालिकेचा माणूस नव्हता. गल्लीतलीच घरं, आलटून पालटून. ज्यांची ड्युटी, त्यांच्या दाराला ‘तोबान’ लिहिलेली पाटी. त्यांचं झालं की पाटी शेजारच्या दारावर.

आमच्या दाराला पाटी होती तेव्हा ओकाआसान, म्हणजे माझी होस्ट आई, मुलांचे डबे अर्धे टाकून झाडू घेऊन कोपऱ्यावर पळायच्या. ओतोओसान, म्हणजे होस्ट वडील, टेबलाशी पेपर वाचत बसलेले असायचे. रक्तातच असती तर दोघांच्याही असती ना?

तसंच ते ‘काइरानबान’. एका जाड पुठ्ठ्याला अडकवलेले कागद, गल्लीतल्या दारादारातून फिरणारे. गटारसफाई कोणत्या रविवारी, भूकंपाची कवायत कधी, शाळेचं पत्रक, उन्हाळी जत्रेची वर्गणी. वाचायचं, आपल्या नावापुढे शिक्का मारायचा किंवा सही करायची आणि पुढच्या घरी नेऊन द्यायचं. आपला सोसायटीचा ग्रुपच म्हणा, फक्त इथे मेसेज म्यूट करून बसता येत नाही. तुमच्याकडे अडकलं तर पुढची सगळी घरं अडकतात, आणि कुठे अडकलंय ते सगळ्या गल्लीला कळतं. जपानी शिस्तीचं मला सापडलेलं इंजिन एवढंच: कामाचे छोटे तुकडे, ठरलेला क्रम आणि शेजाऱ्यांची नजर. मुलांना ते शाळेपासूनच लागतं. वर्ग तीच झाडतात, जेवण तीच वाढतात, त्याच्याही पाळ्या लावलेल्या असतात.

आता भाषेचं. माझं जपानी पुण्याच्या क्लासमधलं, म्हणजे चोख ‘देस-मास’चं, वाक्याच्या शेवटी ते औपचारिक प्रत्यय लावून बोलायचं. घरात तसं कोणी बोलतच नाही! त्यात ओकायामाची बोली, म्हणजे आमच्या क्लासमध्ये जिथे ‘दा’ (‘आहे’) शिकवलं तिथे घरातल्या आजोबांचा ‘जा’. सुरुवातीला मी त्यांना नुसता हुंकार देत राहिले. गंमत म्हणजे तेवढ्यावर ते खूश होते, कारण जपानीत ऐकणाऱ्याने मध्येमध्ये हुंकार भरायचाच असतो. गप्प राहून नीट ऐकणारा माणूस त्यांना रागावलेला वाटतो. घरातली धाकटी मुलगी मात्र सरळ म्हणाली, तू टीव्हीवरच्या बातम्यांसारखी बोलतेस.

डोकं खाल्लं ते आदरार्थाने. आपल्याकडे साहेब म्हणजे साहेब. परक्याचा फोन आला तरी आपण ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ असंच सांगणार. तिथे समोर कोण आहे त्यावर सगळं ठरतं. बाहेरच्याशी बोलताना आपल्या माणसाचा मान काढून घ्यायचा. रिसेप्शनवरची मुलगी बाहेरच्या माणसाला आपल्याच डायरेक्टरबद्दल सांगताना नावामागचं आदराचं ‘सान’ गाळते. हा नियम मला घडाघडा पाठ होता, परीक्षेत मार्कही मिळाले होते. पण एकदा शेजारीणबाई काइरानबान द्यायला आल्या आणि ओकाआसाननी माझं नाव ‘सान’ न लावता, ‘आमची’ म्हणून सांगितलं, तेव्हा माझे कान टवकारले.

त्याच सुमारास आंघोळीचा नंबर घसरला. तिकडे अंग बाहेर धुऊन मग टबात शिरायचं आणि तेच गरम पाणी घरातल्या सगळ्यांनी वापरायचं. पहिला मान पाहुण्याचा. मी आले तेव्हा तो माझा होता. नंतर आजोबा, धाकटी आणि मग मी. दुधाचे खोके कापायचं कामही माझ्याकडे आलं. पाहुणी असेपर्यंत सगळे माझ्याशी हळू आणि पुस्तकी बोलत होते. कामाला लागले तशी खरी भाषा कानावर पडायला लागली: ‘ते तिथे नको’, ‘आधी हे धू’, ‘अगं पाणी सांडतंय’.

(जेवणाचं विचारणार आहात, माहितीये. मिसो सूपमध्येसुद्धा बहुतेकदा माशाचा अर्क असतो. मी मालवणची, मला काय त्याचं! शाकाहारी असाल तर जायच्या आधी स्पष्ट लिहून कळवा.)

म्हणून यंदा होमस्टेला जाणाऱ्या पोरापोरींना माझं म्हणणं एकच आहे. चितळ्यांची बाकरवडी न्याच, पण घरातलं एक रोजचं काम मागून घ्या. ‘राहू दे, राहू दे’ म्हणतील. दोनदा तरी पुन्हा विचारा.

आणि ग्रुपवरच्या काका-मावशांनो, हेही ऐका. तिथेही हे सगळं सुरळीत नाही. या पाळ्या आणि काइरानबान चालवणारी गल्लीतल्या रहिवाशांची मंडळं म्हातारी होत चालली आहेत आणि तरुण कुटुंबं सभासद व्हायला नाखूश आहेत. दोघंही नोकरी करणारी असली तर सकाळी झाडू कोण मारणार? ओकाआसानच एकदा खोके बांधता बांधता म्हणाल्या होत्या की सासरे नसते तर मंडळ केव्हाच सोडलं असतं.